टिपूरची आरोळी

माझा आवाज मोठा आहे, असं शाळेत सगळे म्हणतात. शहापूरला तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेत पहिली आले तेव्हापासून तर सर मला माईकसुद्धा देत नाहीत. म्हणतात, भाग्यश्री, तुला याची गरज नाही. पण आवाज म्हणजे काय ते कळायला तुम्ही राहीला भातावर ऐकायला हवं होतं.

राही म्हणजे माझ्या जयरामकाकांचं एकुलतं पोर. भिंतीला भिंत लागून आमची घरं, डोळखांबच्या वरच्या अंगाला. दसऱ्याच्या सुमारास भात भरलं की पोपटांचे थवे उतरतात. मग शेतात चार मेढी रोवून माळा बांधायचा आणि वर उभं राहून आरोळ्या द्यायच्या. प्रत्येक घराची आरोळी वेगळी. डोळे मिटून ऐकलं तरी कळतं, ही विठूआजोबांच्या शेतातली, ही सुनिलच्या. राहीची आरोळी खालून जाड सुरू व्हायची आणि वर जाता जाता इतकी बारीक व्हायची, की समोरच्या डोंगरावरून परत येताना दुसऱ्याच कुणाची वाटायची. परक्या माणसाला सांगता आलं नसतं, पोरगा ओरडतोय का पोरगी.

राहीलाही तसं सांगायला आवडायचं नाही. आदल्याच वर्षी राही डोळखांबला न्हाव्याकडे जाऊन केस कापून आलं होतं. आमच्याकडे लहान पोरांना सगळे 'ते' म्हणतात आणि मोठी झाली की त्यांचा 'तो' नाहीतर 'ती' होते. राही बारावीला गेलं तरी मी 'ते'च म्हणत राहिले. एकदा विचारलं तर म्हणालं, "तेवढं राहू दे गो."

त्या वर्षी डोंगर चढायला आलेल्या मुंबईकरांतली एक बाई राहीची आरोळी ऐकून बांधावर थांबली. संजीवनीताई. परदेशी कार्टूनला मराठी आवाज द्यायचे, हे त्यांचं काम. त्यांनी राहीकडून चार वेळा आरोळी म्हणून घेतली आणि काकांना विचारलं, "दिवाळीच्या सुट्टीत हिला ठाण्याला पाठवाल का? एका पात्राला मी महिनाभर आवाज शोधतेय."

काका आधी घाबरले, मग फुगले. म्हणाले, "भाग्याला घेऊन जा बरोबर. ती बोलते तरी."

स्टुडिओ म्हणजे एक बंद खोली, भिंतींना गाद्या लावल्यासारखी. समोर पडद्यावर टिपूर. ढगातून पडलेलं, पेंढ्यासारखे उभे केस, अंगात ढगळ सदरा, आणि पाय कायम चिखलात. मला बघताक्षणी ते राहीच वाटलं. संजीवनीताई कॉफी पीत सांगत होत्या, "हे पात्र ना मुलगा आहे ना मुलगी. नॉनबायनरी म्हणतात. म्हणून मला मुलीचा गोड आवाज नकोय आणि मुलाचाही नको."

राही पडद्याच्या जवळ सरकलं. मग विचारलं, "असं असतं?"

"असतं की," ताई म्हणाल्या आणि कप ठेवून कामाला लागल्या. त्यांच्यासाठी ते एवढंच होतं.

एका प्रसंगात ढगवाडीतला एक लठ्ठ मुलगा टिपूरला विचारतो, तू मुलगा की मुलगी? टिपूर हसतं आणि म्हणतं, "मी टिपूर. एवढं पुरत नाय का?" ते 'नाय' ताईंनी मुद्दाम तसंच ठेवलं. राहीनं ते वाक्य पहिल्याच फटक्यात असं म्हटलं, की काचेपलीकडच्या माणसानं मान वर केली. आरोळीच्या वेळी मात्र राहीला माईकपासून पार दारापर्यंत मागे उभं केलं, तरी त्या माणसानं कानावरचे हेडफोन काढून ठेवले.

येताना जीपमध्ये राही एक शब्द बोललं नाही. मीच दोघांचं बोलले. आसनगावपासून डोळखांबपर्यंत.

घरी काका ओटीवर विळ्याला धार लावत होते. राही त्यांच्यासमोर उकिडवं बसलं.

"बाबा, मी पोरगी नाय."

काकांनी वर न बघता विचारलं, "मग काय, पोरगा हायस?"

"तो पण नाय."

"मग काय हायस, वरई का नाचणी?"

आत राहीची आई, शकूकाकी, भाकऱ्या थापत होती. थापायचा आवाज थांबला.

"ते टिपूर हाय ना, तसं," राही म्हणालं. "असतात अशी माणसं. त्या बाईनं सांगितलं. आता टीव्हीवर पण येणार हाय."

काकांनी विळा खाली ठेवला. धसईचं एक स्थळ आत्याकडून सांगून आलं होतं. मुलगा अमोल, मुरबाडला कारखान्यात कामाला, घरी भाजीचा मळा. राहीला होळीला अठरा वर्षं पुरी होणार, मग पाहुणे येणार, असं ठरत आलं होतं. राही या स्थळाला नाही म्हणत होतं, पण का नाही ते त्याला सांगता येत नव्हतं. आता आलं होतं.

"धसईवाल्यांना काय सांगू? आमची पोरगी टिपूर हाय?"

"टीव्हीवर बघितल्यावर सांगा."

काका दुष्ट नाहीत. ते विचार करतात, फक्त फार हळू करतात. अंगठ्यानं धार बघत ते म्हणाले, "असं करू. टीव्हीवर तुझ्यासारखं कोण निघालं, चार माणसांनी बघितलं, तर मी धसईला नाय म्हणून कळवतो. पुढं तू म्हणशील तसं. नाय निघालं तर मी म्हणेन तसं. कबूल?"

"कबूल."

"भाग्या, तू साक्षीदार."

मी तर तिथल्या तिथे नाचले. कारण टिपूर कोण आहे ते मी स्वतःच्या कानांनी ऐकून आले होते. निकाल लागलेल्या पेपरावर काका पैज लावत होते.

त्यानंतर काकांनी अख्ख्या खोऱ्यात सांगून ठेवलं. जीपवाल्या किशोरला, दुधाच्या डेअरीवर, आत्याला, आत्याच्या जावेला. आमच्या राहीचा आवाज टीव्हीवर. राही कोण आहे ते नाही सांगितलं, पण आवाजाचं सांगताना त्यांची छाती अशी वर यायची, की मला वाटलं, पैज हरायला काकांना आवडेल.

कार्यक्रम माघात लागला. रविवारी संध्याकाळी पाच वाजता. पाड्याच्या तोंडाशी सुनिलचं दुकान आहे, त्याच्याकडे मोठा टीव्ही. त्यानं मिठाच्या गोणी बाजूला करून टीव्ही अंगणाकडे तोंड करून ठेवला. म्हणाला, "जयरामदादा, तिकीट लावू का?" काकांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. शकूकाकीनं वालाच्या शेंगा उकडून आणल्या होत्या. राही सगळ्यांच्या मागे, जात्याच्या दगडावर बसलं. मी त्याच्याजवळ.

ढग फाटला, टिपूर खाली पडलं, चिखलातून उठलं आणि बोललं.

तो आवाज राहीचा नव्हता. बालनाट्यात परी होतात तसल्या कुठल्यातरी मुलीचा होता. गोड, प्रत्येक शब्दाला साखर लावलेला.

"राही, एवढी गोड कधी झालीस गो?" सुनिल म्हणाला. दोघंतिघं हसले.

विठूआजोबांनी विचारलं, "टीव्हीत शिरल्यावर आवाज बदलतो काय?"

"थांबा रे," काका म्हणाले. "येईल."

टिपूर बोलत राहिलं. काका पुढे सरकून बसले. पुन्हा म्हणाले, "येईल."

मग वादळाचा प्रसंग आला. टिपूर झाडाच्या शेंड्यावर चढलं, तोंड उघडलं, आणि आरोळी आली. आमची. खालून जाड, वर बारीक. सुनिलचा कुत्रा उठून शेताकडे पळाला. सगळं अंगण मागे वळून राहीकडे बघायला लागलं.

"ही आपल्या राहीची," विठूआजोबा म्हणाले.

काका उभे राहिले होते. "बघा. मी काय सांगत होतो?" त्यांनी राहीकडे बघितलं, आणि त्या क्षणी राहीचा चेहरा असा उजळला होता, की मी त्याचा हात घट्ट धरला.

पुढचाच प्रसंग लठ्ठ मुलाचा. तू मुलगा की मुलगी? टिपूर हसलं. आणि साखरेच्या आवाजात म्हणालं, "मुलगीच आहे मी. केस कापले म्हणून काय झालं?"

टीव्हीवर गाणं सुरू झालं. कुणालाच काही वेगळं घडलंय असं वाटलं नाही. पोरं शेंगा सोलत होती. काका खाली बसले. त्यांना आनंद झाला असता तर मला त्यांचा राग तरी करता आला असता. पण त्यांचा चेहरा दुकानातून रिकाम्या हातानं परत पाठवलेल्या माणसासारखा झाला होता.

"ऐकलंस?" ते हळूच म्हणाले. "तिनं पण कबूल केलं."

राहीनं मांडीवरची शेंगांची सालं झटकली आणि ते घराकडे निघालं.

रेंज फक्त दुकानामागच्या कातळावर मिळते. मी वर चढले आणि संजीवनीताईंना फोन लावला.

"अगं भाग्यश्री, मी करणारच होते," त्या म्हणाल्या. "ऐनवेळी बदललं चॅनेलवाल्यांनी. वरून आलं. लहान मुलांचा कार्यक्रम, उद्या कुणी तक्रार केली तर काय. मुलगी केली की सेफ."

"पण टिपूर मुलगी नाय."

"मला माहितीये गं. ओरिजिनलमध्ये अजूनही नाहीच. इंग्लिशमध्ये बघ, सगळं तसंच आहे."

"आमच्या पाड्यात इंग्लिशमध्ये कोण बघतं ताई?"

त्या म्हणाल्या, "आरोळी ठेवलीय ना. नव्या मुलीला जमेना ती. मी भांडून ठेवली."

मी वक्तृत्वातलं सगळं विसरले. "ताई, माझ्या काकांशी दोन मिनिटं बोला. एवढंच सांगा, की टिपूर आधी कसं होतं. बाकी काय नको. राहीचं लग्न त्याच्यावर ठरणार हाय."

"अगं, मी कसं सांगणार? करारात असतं, बाहेर बोलायचं नाही. आणि तो तुमच्या घरचा प्रश्न आहे ना. मी त्यात पडणं बरोबर दिसत नाही." मग आवाज मऊ करून म्हणाल्या, "राहीला सांग, तिचं काम खूप छान झालं होतं. पुढे काही असलं की कळवीन."

ज्या बाईनं "असतं की" म्हणून राहीला जीपभर गप्प केलं, तिला एकदाच फोनवर "असतं" म्हणायला जमलं नाही.

मी इंग्लिश भाग शोधून काकांना मोबाइलवर दाखवला. वाक्य थांबवून थांबवून अर्थ सांगितला. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाले, "हे काय बोलतात ते मला काय ठाव? ते तू म्हणतेस भाग्या. टीव्ही तसं म्हणत नाय."

तालुक्यात पहिली आलेली मी. आमच्या ओटीवर माझं म्हणणं टीव्हीच्या एका वाक्याला भारी पडलं नाही.

राहीला मी म्हटलं, नाही म्हण. चल, कल्याणला माझ्या मामाकडे जाऊ. चुलीपुढे बसून ते काटकी मोडत होतं.

"बाबा हरले असते तर त्यांनी शब्द पाळला असता," ते म्हणालं.

"पण खेळ खोटा होता ना."

"त्यांनी नाय खोटा केला."

हे मला तेव्हा पटलं नाही, आताही पटत नाही.

वैशाखात लग्न झालं. केस मानेपर्यंतच आले होते, म्हणून गजरा पिनांनी अडकवला आणि तो दोनदा पडला. आमच्याकडे लग्नात नवरीचं नाव बदलतात. तांदळात अंगठीनं रुपाली लिहिलं. शकूकाकी रडली. काका रडले नाहीत, पण जेवलेही नाहीत.

श्रावणात शकूकाकीनं नाचणीचे पापड दिले, ते पोचवायला मी धसईला गेले. मी आता अकरावीत आहे, एकटी जाते-येते. बाजाराचा आदला दिवस होता. घरात भेंडीचा ढीग पडला होता आणि सासूबाई नि राही कोवळी-जून वेगळी करत बसल्या होत्या. राहीनं डोक्यावर पदर घेतला होता. माणसं वाईट नाहीत. अमोलनं मला पाणी दिलं, कॉलेजचं विचारलं आणि शिफ्टला निघून गेला. सासूबाई म्हणाल्या, "तुमची पोरगी लय गरीब. तोंडातून आवाज नाय काढत."

अमोलची पुतणी रोशनी टीव्हीसमोर बसली होती. पाच वाजले होते, टिपूरचे भाग पुन्हा पहिल्यापासून दाखवत होते. सुरुवातीचं संगीत ऐकताच मी राहीकडे बघितलं. राहीनं वर बघितलं नाही. त्या घरात कुणालाच काही माहीत नव्हतं. आत्यानं धसईवाल्यांना आवाजाचं काही सांगायचं नाही, असं त्या रविवारनंतर ठरलं होतं.

वादळ आलं. टिपूर शेंड्यावर चढलं. आरोळी घरभर घुमली, पत्र्यावर आपटून परत आली.

"काय ते कार्टं ओरडतंय," सासूबाई म्हणाल्या. "रुपाली, बारीक कर गो ते."

मी राहीकडे बघत होते. ते माझ्याकडे बघत नव्हतं. त्यानं पदराला हात पुसले, उठलं, कोनाड्यातला रिमोट घेतला आणि बटण दाबून धरलं. पडद्यावर टिपूरचं तोंड अजून उघडंच होतं.

"काकी, आरोळीच तर भारी हाय," रोशनी कुरकुरली.

राही परत येऊन भेंडीच्या ढिगापाशी बसलं आणि एक भेंडी उचलून तिचं टोक मोडून बघितलं. जून निघाली. रोशनी सरकत सरकत पुढे गेली आणि टीव्हीला कान लावून बसली.