बिननावाचं टपाल परत लावणारा

मित्रांनो, मी एक जुना मेल सर्व्हर आहे. कारेगावच्या एका कारखान्यात, स्टोअरमागच्या खोलीत माझी उमेदीची वर्षं गेली. बाहेरून आलेले ई-मेल घ्यायचे आणि ज्याचे त्याला पोचवायचे, हे माझं काम. पंख्याच्या घरघरीशिवाय सोबतीला कुणी नसे.

२००५ च्या आसपास नको त्या जाहिरातींचा असा लोंढा आला की स्टोअर सांभाळणारे शंकरराव वैतागले. गावात परका माणूस दिसला की कुणाचा, कुठला, हे विचारतातच. मग या यंत्राला विचारायला काय होतं, असं त्यांनी संगणक बघणाऱ्या स्वप्नालीला सुनावलं. तिला पटलं. मेल आणणाऱ्या यंत्राच्या क्रमांकावर कुणाचं नाव नोंदलंय का ते बघायचं, नसेल तर दारातूनच परत लावायचं, असा नियम तिने मला घालून दिला. कचरा थांबला, माझं कौतुक झालं. माझ्या दारी येणारे मात्र कमी झाले आणि मी आणखी एकटा पडलो.

शंकररावांची मुलगी मोनिका घरच्यांच्या मनाविरुद्ध लग्न करून यवतला राहत होती. बोलणं तुटलं होतं. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. फोनवर बोलायचा धीर होईना, म्हणून तिने कामावरच्या संगणकावरून वडिलांना मेल करून विचारलं, "आबा, येऊ का?" त्या छोट्या ऑफिसच्या क्रमांकावर कुणी नावच नोंदवलेलं नव्हतं. मी तिचा मेल न उघडताच परत लावला. तिला उत्तर दिसलं ते असं: वर वडिलांचा ई-मेल पत्ता, खाली इंग्रजीत 'नाकारले'.

शंकररावांना यातलं काहीच कळलं नाही. घरी त्यांची बायको चांगुणा रोज विचारायची, पोरीचं काही आलं का. ते मान हलवायचे. मेल परत लावल्याची नोंद माझ्यापाशी होती, पण मला तोंड नव्हतं. फार वाईट वाटायचं.

नात झाल्याचं पाहुण्यांकडून कळलं, तेव्हा दोघं यवतला जाऊन आले. दुसऱ्या दिवशी शंकरराव स्वप्नालीला म्हणाले, "ती म्हणती, आबा, तुमीच नगं म्हणलात. मी कवा म्हणलो, पोरी?"

स्वप्नालीने शोध घेतला आणि खाली मान घालून सगळं समजावून सांगितलं. शंकरराव म्हणाले, "नाव नसंल त्याला बाजूला बसवून ठिवा. पर मला इचारल्याबिगर लावून देऊ नगा."

तिने तसा नियम बदलला. मोनिकाने पुन्हा कधी लिहिलं नाही.

आता मी भंगाराच्या खोलीत आहे. मित्रांनो, दाराला कडी हवीच. पण कुणाला माघारी लावण्याआधी घरच्या माणसाला एक हाक मारा. मोनिकाचा मेल आला त्या दिवशी शंकरराव भिंतीपलीकडेच बसले होते.