टाकीचं पांघरूण

उदारामजींनी आमगावच्या राईस मिलमध्ये तीस वर्षं वाफेचे पाइप लपेटले. त्यांनी लपेटलेल्या पाइपावर हात ठेवला तर आत वाफ आहे हे कळायचं नाही, अशी त्यांची ख्याती.

घरी बसल्यावर एका कार्तिकात त्यांनी गच्चीवरची सौर टाकी हाती घेतली. तिचं आवरण सडलं होतं, पाणी पहाटेपर्यंत गार पडायचं, आणि सून सुशिला चार वाजता कार्तिकस्नान करायची. मुलगा नोकरीनं नागपूरला, घरात दोघंच. उदारामजींनी बोऱ्यांत धानाचा कोंडा भरला, दाभणानं गाद्या शिवल्या, टाकीभोवती आवळल्या, वर पत्रा बांधला.

“उद्या पाहाजो सुशिला, हात भाजन तुहा!”

पण सुशिलेचा नेम ताज्या पाण्याचा. टाकीतलं आदल्या दिवसाचं, म्हणजे शिळं. तिनं विहिरीचं पाणी उपसून अंगावर घेतलं. इतका घाम गाळलेल्या माणसाला हे सांगायला तिची जीभ रेटेना.

“पाणी कसं होतं व?”

“थंडच होतं, मामाजी.”

विहिरीचं पाणी थंडच होतं, म्हणजे खोटंही नाही; एका वाक्यात निभावलं, असं तिला वाटलं. नळ सोडून पाहणं त्यांना सहज जमलं असतं. पण रोज पोथी वाचणाऱ्या सुनेच्या शब्दाची पारख कशी करायची? ते पुन्हा शिडी चढले. कोंडा बदलला. विचारलं. “थंडच.” मग वरून जुन्या चादरी गुंडाळल्या. विचारलं. एकदा म्हटल्यावर मागं कसं फिरायचं? “थंडच, मामाजी.”

आठवड्यानं मिलचा चुन्नीलाल सकाळी सकाळीच आला. “काका, नवा बॉयलर बसून राहिला. पाइप तुमीच लपेटा.”

“नाही रे भाऊ. घरची टाकी सांभाळत नाही माझ्यानं. हात गेला माझा. दुसरा पाहा.”

“म्हातारे झाले म्हना की!” चुन्नीलाल हसला. उदारामजीही हसले. सुशिला चहा घेऊन दारात उभी होती. तिनं कप ठेवले आणि आत गेली.

चुन्नीलालच्या गाडीचा आवाज दूर गेल्यावर तिनं न्हाणीतला नळ सोडला. पाणी इतकं कढत की हात झटकन मागं आला. तशीच ओल्या हातानं ती बाहेर आली, आणि सगळं सांगून टाकलं.

उदारामजींनी कप खाली ठेवला.

“तीनदा इचारलो मी तुले.”

“हो, मामाजी.”

“शिळं आहे म्हणतीस, तर मी का मारलो असतो? व्रतात खोटं चालते का व?”

दुपारी तिनं स्वतः चुन्नीलालला फोन लावला. “वहिनी, सेठनं तं गोंदियाचा मानूस लावला पन कामाले.”

सासऱ्यांनी पुन्हा विषय काढला नाही. आवाजही चढवला नाही. फक्त त्या दिवसापासून ती म्हणायची, “मामाजी, गॅस बंद केला,” तेव्हा ते “बरं” म्हणायचे, आणि थोड्या वेळानं गुडघ्यावर हात टेकून उठायचे, स्वयंपाकघरात जाऊन पाहून यायचे.