बघूआजोबा

"आजोबा, नुसतं 'हं' चालत नाही. 'हो' म्हणा, नाहीतर 'नाही' म्हणा," ताई हेडफोनच्या माइकमध्ये म्हणाली.

"बघू," पलीकडून आवाज आला.

झालं! सबंध ऑफिस त्यांना 'बघूआजोबा' म्हणायचं ते काही उगाच नाही.

ताईचं काम ऐकायला अगदी सोपं. वयस्कर लोकांना फोन लावून विचारायचं, "आमच्या विमावाल्यांनी तुम्हाला फोन केला तर चालेल का?" 'हो' म्हटलं की नंबर विक्रीवाल्यांकडे. 'नाही' म्हटलं की नंबर कायमचा पुसला. मन वळवायचं नाही, सल्ला द्यायचा नाही, आणि समोरच्याने फोन ठेवेपर्यंत आपण ठेवायचा नाही. 'बघू' आलं, तर पुढच्या मंगळवारी परत विचारायचं.

आजोबांना ही मंगळवारची फट बरोबर सापडली होती. वर्षभर ते 'बघू'वर ठाण मांडून बसले होते. 'बघू' म्हणण्याआधी न चुकता विचारायचे, "जेवलीस का गं?" ताईला हे विचारणारं दुसरं कुणी नव्हतं. घरी ती आणि टीव्ही, त्यात बोलायचं काम सगळं टीव्हीकडे.

पण आजच सकाळी साहेबांनी सांगितलं होतं, "इथून पुढे 'बघू' म्हणजे 'नाही'. म्हाताऱ्यांच्या मागे लागल्यासारखं दिसतं ते." नियम शहाणपणाचा होता. ताईलाही पटला होता, हीच तर पंचाईत.

"आजोबा, नीट ऐका. आता 'बघू' म्हणालात तरी नंबर पुसला जाईल. मग परत फोन यायचा नाही."

"असं? मग 'हो' म्हणतो. तू करशील ना?"

"मी नाही. विक्रीवाले करतील."

"ते विचारतात का, जेवलात का म्हणून?"

"ते विचारतात, सही कधी करताय."

आजोबा हसले, मग खोकले.

"तूच सांग, काय म्हणू?"

"सांगायची परवानगी नाही मला."

"बरं, तुझा नंबर दे."

"त्याचीही नाही." आणि पडद्यावर त्यांच्या नंबराच्या जागी तरी काय होतं? आकडे झाकणाऱ्या नुसत्या चांदण्या.

"जेवलीस का?"

"नाही अजून. डबा आणलाय."

"मीही आत्ताच वाढून घेतलंय." ते थांबले. "बघू."

ताईने 'नाही'चं बटण दाबलं. पडदा कोरा झाला. फोन मात्र चालूच होता. पलीकडे रिसीव्हर टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. खुर्ची सरकली. चमचा ताटाला लागला.

साहेब मागे येऊन उभे राहिले. "झालं ना बोलणं? ठेवा की मग."

"त्यांनी ठेवला नाहीये अजून," ताई म्हणाली. "नियम आहे."

साहेब पुढच्या टेबलाकडे वळले.

ताईने डबा काढला. झाकण मुद्दाम जरा मोठ्याने उघडलं. पलीकडचा चमचा क्षणभर थांबला, मग परत वाजू लागला.

ताई जेवू लागली. अगदी छोटे छोटे घास घेत.