गळकी पिशवी

माझं नाक लांब आहे, असं आमचे हे म्हणतात. असेल. कुणाचं काय बिघडलंय ते पाहिल्याशिवाय मला चैन पडत नाही, त्याला मी काय करू?

धाकटी नणंद सार्वजनिक बागेत माळीण आहे. परवा दुकानात आली ती तोंड पाडूनच. आमचं दुकान ट्रकच्या ताडपत्र्या शिवायचं. ती गठ्ठ्यावर बसली आणि म्हणाली, "वहिनी, गुलाब उपटायचे म्हणतायत."

"कोण मेला म्हणतोय?"

"मुकादम. छाटणीचे काटे प्लास्टिकच्या पिशव्या फाडतात. कचरागाडीवाले कुरकुर करतात, रस्ताभर पसारा होतो. या सोमवारी पुन्हा फाटली, तर सगळा ताटवाच काढायचा."

तो ताटवा तिनं एकेक कलम बांधून उभा केलाय. लेकरासारखा म्हणणार नव्हते, पण तसाच.

"पिशवीसाठी गुलाब उपटणार? उद्या चप्पल चावली तर पाय तोडाल!" मी उठलेच.

बागेत जाऊन बघितलं तर गंमतच. काट्यांनी पिशवी फाटत होती, पण थोडीच. खरी फाटत होती ती ओढताना, फरशीच्या कडेवर. शिवाय पिशवीचं तोंड उघडं राहीना, म्हणून नणंद एका पायानं कड दाबून धरायची आणि वाकून कचरा कोंबायची. दिवसभर असं केल्यावर कंबर राहील का?

जुन्या ताडपत्रीचा जाड तुकडा काढला. तोंडाला पाइपचं कडं घातलं, म्हणजे पिशवी आपली आपण उभी. दोन बाजूंना पट्ट्याचे कान. शिवण दुहेरी दुमडून अशी घातली, की सासरे असते तर पाठ थोपटली असती. नणंदेला म्हटलं, "घे. तुझी नातवंडं वापरतील."

दुसऱ्या दिवशी तिचा फोन. "वहिनी, पिशवी शिवलीस की हौद?"

धावत गेले. रात्री पाऊस झाला होता. ओला पाला, त्यात पाणी, वर हा वास! दोघींनी मिळून ओढली तरी जागची हलेना. मी शिवण चाचपली. थेंबही बाहेर येत नव्हता. काय सुंदर शिवलं होतं मी! नणंद हसत सुटली आणि मग मलाही हसू आवरेना.

"हिला गळू दे गं," ती म्हणाली.

बोलणं सोपं आहे. आमच्या धंद्यात 'गळकं' ही शिवी आहे. गळक्या ताडपत्रीखाली लोकांचा माल भिजतो. जन्मभर थेंब अडवले आणि आता मुद्दाम भोकं पाडायची? हात धजेना. शेवटी डोळे मिटून भोकं पाडायचा पोगर हाणला आणि तळाला चांगल्या डझनभर पितळी रिंगा ठोकल्या. त्यातून पाणी धो धो वाहिलं, पाला मात्र आतच राहिला. अगं बाई, म्हटलं, गळण्यातसुद्धा कसब असतं की!

सोमवारी मी हजर. मुकादम हाताची घडी घालून उभे. गाडीवाल्यानं काट्यांनी भरलेली पिशवी उचलली. फाटली नाही. मी नणंदेला कोपरानं ढोसलं. तेवढ्यात त्यानं पिशवी कचऱ्यासकट गाडीत भिरकावली!

"अहो भाऊ! माझी पिशवी!"

बिचारा गडबडला. "सवय हो ताई. पिशवीसकटच टाकतो आम्ही." कचरा गाडीतच ओतून पिशवी काढून दिली त्यानं.

मुकादम म्हणाले, "पिशवी दणकट आहे, कबूल. पण दर सोमवारी तुम्ही येऊन ओरडणार का?"

मला राग आला, पण बोलणं खरं होतं. भिरकावताना त्याचा हात कुठे होता? एक कानाला आणि दुसरा तळाच्या कोपऱ्याला. मी पर्समधून दाभण काढला, कडेचा एक कान उसवला आणि तिथेच बाकावर बसून तो तळाला शिवला.

"भाऊ, पुन्हा भरून देते. खालचा कान धरा."

त्यानं धरला, उलटली, झटकली. सगळा कचरा गाडीत आणि रिकामी पिशवी त्याच्या हातात. तो हाताकडे बघतच राहिला. "आयला!"

मुकादमांनी पिशवी आतून बाहेरून पाहिली. "असू देत गुलाब," म्हणाले आणि गेले.

मी नणंदेकडे वळले, आता मिठी मारणार म्हणून. तिनं झाडामागून ओल्या फडक्याचं गाठोडं काढलं. आत गुलाबाच्या काड्या, नीट तिरक्या कापलेल्या.

"हे काय?"

"सकाळीच काढून ठेवल्या. उपटले असते तर निदान एवढे तरी..."

"म्हणजे माझ्यावर भरवसा नव्हता?"

"नव्हता," ती म्हणाली आणि रडायला लागली.

मला इतका राग आला, की मीही रडले. मग गाठोडं तिच्या हातातून घेतलं. आमच्या दुकानासमोर मूठभर मातीसुद्धा नाही. तरी घेतलं.