झुंबर बुधाचा बिल्ला

मी काशाचा बिल्ला बोलतोय. काशाचा, चांदीचा नाही, हे आधीच सांगून टाकतो. शंभर वर्षांत ज्याने ज्याने मला तळहातावर घेतलं, त्याने हेच म्हणून नाक मुरडलं. तुम्हीही मुरडून घ्या आणि मग ऐका.

पहिलं महायुद्ध संपल्यावर साच्यांतून माझ्यासारखे कितीतरी बिल्ले पडले. माझ्या एका बाजूला बादशहाचा मुखडा, दुसऱ्या बाजूला घोड्यावरचा वीर आणि घोड्याच्या टापेखाली कवटी. मग कुणीतरी माझ्या कडेवर एकेक अक्षर ठोकलं. दुखलं, एवढं आठवतं. काय ठोकलं ते मला कळलं नाही. स्वतःची कड स्वतःला दिसत नाही.

डबीत बंद होऊन, आगबोट, रेल्वे, टपालाची पिशवी असं करत मी निफाड तालुक्यातल्या, गोदावरीच्या काठच्या एका गावी पोचलो. गावाचं नाव सांगत नाही. पुढे गावाबद्दल चार कडू गोष्टी येतील आणि गोडही येतील, तेव्हा राहू द्या. पोस्टमन महारवाड्याच्या तोंडाशी थांबला आणि त्याने लांबूनच हाक दिली, "झुंबर बुधा!"

एक तरुण बाई पुढे आली. तिच्या पदराला धरून पाचेक वर्षांचा मुलगा होता.

"त्ये नाहीत. बसऱ्याला वारले," ती म्हणाली.

तिचा स्पर्श नको म्हणून पोस्टमनने डबी वरूनच तिच्या ओंजळीत सोडली. ती आक्काबाई. मुलगा फकिरा. झुंबर 'पलटणीत जातो' म्हणून गेला होता आणि पुढच्याच वर्षी तिकडे इराकातल्या बसऱ्याला ताप आल्याचं, मेल्याचं एक कार्ड तेवढं आलं होतं. ज्याचं नाव माझ्या कडेवर आहे, त्याला मी कधी पाहिलेलं नाही.

आक्काबाईची सासू मला उलटसुलट करून पाहत राहिली. घोडा, हातात शस्त्र, टापेखाली डोकं. तिने एकदम कपाळाला हात लावला. "अगं, खंडोबा आला घरी!" घोड्यावरच्या वीराच्या अंगावर धड कपडा नव्हता, तेवढं तिने भंडाऱ्याखाली झाकून टाकलं. त्याच दिवशी मी देव्हाऱ्यात, बाकीच्या टाकांच्या रांगेत बसलो.

फुकटचा देवपणा सोपा नसतो. रोज सकाळी आक्काबाई मला चिंच आणि राखेने घासायची. बादशहाचं नाक गेलं, मग कान गेला, घोडाही सपाट होत चालला. घासून झालं की हळद, कुंकू, भंडारा. ते सगळं कडेला साचत गेलं आणि थरावर थर बसून दगडासारखं झालं. आक्काबाई कधी काही मागायची नाही. देवापुढे माणसं काय काय मागतात! ही फक्त घासायची, पुसायची आणि घटकाभर हातात धरून बसायची.

पस्तीस वर्षं अशी गेली. मग वस्तीने बुद्धाचा धम्म स्वीकारला. घराघरांतले देव फडक्यांत बांधले गेले. फकिरा आता चाळिशीचा बाप्या झाला होता. तो आमच्या देव्हाऱ्यापाशी आला आणि एकेक टाक उचलू लागला. माझ्याकडे हात वळला तसा आक्काबाईने त्याचं मनगट धरलं.

"त्याला नको."

"आई, सगळे चालले नदीला. एक ठेवला तर लोक काय म्हणतील? गुपचूप खंडोबा ठेवला म्हणतील."

"त्यो खंडोबा नाय. तुझा बाप हाय."

फकिराने मनगट सोडवून घेतलं. "मग इतकी वर्षं बोलली का नाय?"

"सासूबाई देव म्हणल्या, मी म्हणलं असू द्या देव. मेलेल्या नवऱ्याला रोज आंघोळ घालू देतंय का कुणी बाईला?"

फकिराने उरलेले टाक नेले. मी राहिलो. त्या दिवसापासून मी देव नव्हतो, आणि खरं सांगतो, मला हलकं वाटलं.

पुढची माझी गोष्ट मात्र फारशी मानाची नाही. आक्काबाई गेली. गावकीची कामं आणि गावाचं ओझं पुन्हा वाहायचं नाही, असं ठरवून फकिराने गाव सोडलं आणि तो नाशिकरोडला आला. त्याचा मुलगा सोमा शिकला, नोकरीला लागला, कॉलनीत घर झालं. मी आधी पत्र्याच्या पेटीत होतो. एकदा कॅरमचा स्ट्रायकर हरवला आणि सोमाच्या मुलांनी मला बोर्डावर घेतलं. मी जड, त्यामुळे सोंगट्या फटकन उडायच्या. पुढे कॅरमही माळ्यावर गेला आणि त्याच्या डब्यात मीही.

तिथून मला खाली काढलं संजनाने. ही सोमाची नात. एम.ए. इतिहास, दुसरं वर्ष. पोरीला धीर म्हणून नाही. लिफ्ट यायला उशीर झाला की चार मजले चढून जाते आणि वर पोचून लिफ्टलाच शिव्या देते. गेल्या डिसेंबरात गावाच्या ग्रुपवर मेसेज आला: पहिल्या महायुद्धापासून आजवर गावातून फौजेत गेलेल्यांची नावं दगडावर कोरायची आहेत, दहा जानेवारीपर्यंत पुराव्यासह कळवा, सव्वीस जानेवारीला अनावरण.

संजनाने मिनिटात उत्तर टाकलं: 'माझे खापरपणजोबा झुंबर बुधा बंदूक घेऊन लढले, बसऱ्याला शहीद झाले. त्यांचं नाव हवंच.'

खाली कुणीतरी हसणारं तोंड टाकलं आणि लिहिलं, 'खालच्या आळीतून तेव्हा कोण गेलं होतं बरं?'

झालं. खालची आळी म्हणजे आमचीच वस्ती, पोरगी पेटली. सोमाआजोबांनी कॅरमचा डबा उतरवायला सांगितला आणि मला तिच्या हातावर ठेवलं. "हा घे पुरावा. माझे वडील म्हणायचे, हा माझा बाप."

दुसऱ्या दिवशी स्कूटी काढून ती गावात हजर. ग्रामपंचायतीच्या ओट्यावर समितीचे अध्यक्ष बसले होते, वाल्मीक तात्या, सरहद्दीच्या बर्फात चौकी राखून आलेले फौजेतले निवृत्त हवालदार. सत्तरीतही पाठ ताठ, मिशी कातरलेली.

"जय भीम, तात्या. मी सोमा फकिराची नात."

"राम राम, पोरी. सोमाभाऊचे गुडघे काय म्हणतात?"

तात्यांनी मला हातात घेतलं, तोललं, नखाने टिचकी मारून आवाज ऐकला. "पदक चांदीचं ऱ्हातं. माझ्या आज्याचं मी हाताळलंय. आत्याच्या लग्नात मोडलं ते. ह्ये कासं हाय."

"जत्रेत भेटतं तसलं," बाजूचा एक जण म्हणाला. "पलटवा बरं, तात्या. अरे, हा तर खंडोबा! पोरी, देव कुठून आणला चोरून?"

ओट्यावर हशा पिकला. संजनाचे कान लाल झाले. "तात्या, कासं असलं म्हणून नाव लागणार नाही?"

"फौजेत नियम ऱ्हातो. माझ्या सख्ख्या चुलत्याचा कागद नव्हता, त्याचंबी नाव मी घेतलं नाय. मग तुला कसं सोडू?" तात्यांच्या बोलण्यात खोट नव्हती. तेच तर तिला जास्त लागलं.

घरी आल्या आल्या तिने घासणी उचलली. आजोबांनी तिचा हात धरला. "पुन्हा घासू नको, संजू. माझ्या आजीने घासायचं ते घासलं. कड बघितली का कुणी?"

कडेवर नुसता पिवळा दगड होता. त्यांनी मला कोमट पाण्यात भिजत ठेवलं आणि दात कोरायच्या काडीने संजना एकेक कण काढू लागली. जिला लिफ्टची वाट बघवत नाही, ती सलग तीन संध्याकाळी मान मोडून बसली. जेवायला हाक मारली तरी, "आलेच," म्हणायची आणि उठायची नाही. शेजारी बसून आजोबा तिला आक्काबाईची आणि देव्हाऱ्याची, बापाकडून ऐकलेली गोष्ट सांगायचे. आधी आकडे निघाले. दुसऱ्या दिवशी इंग्रजी अक्षरांत निघालं, झुंबर बुधा. आजोबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि पुन्हा वाचलं. आपल्या आजोबांचं नाव लिहिलेलं त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं होतं.

तिसऱ्या संध्याकाळी शेवटचे दोन शब्द मोकळे झाले. पोर्टर कोअर.

"पोर्टर म्हणजे हमाल ना गं?" आजोबांनी विचारलं.

संजनाने मला टेबलावर ठेवलं आणि ती गॅलरीत गेली. बंदूक घेऊन लढले, असं तिनेच साऱ्या गावाला लिहिलं होतं.

थोड्या वेळाने तिने नाशिकच्या ज्ञानेश सरांना फोन लावला. जुनी नाणी, पदकं जमवणारे ते गृहस्थ. फोन स्पीकरवर होता, म्हणून मलाही माझी जन्मकथा ऐकायला मिळाली.

"काशाचं आहे? मग हमालच," सर म्हणाले. "लढणाऱ्यांना चांदीचं दिलं, ओझं वाहणाऱ्यांना काशाचं. युद्ध तेच, ऊन तेच, पटकी तीच. धातू तेवढा वेगळा. जपून ठेव, मुली. चांदीची बरीच सोनाराकडे गेली. हे कुणी घेतलं नसतं, म्हणून राहिलं."

म्हणजे ज्या धातूवरून मला शंभर वर्षं हिणवलं, तोच माझा दाखला होता! मला टेबलावरून उडी मारावीशी वाटली. पण घरात कुणी हसत नव्हतं.

"नाव मिळालं, पुरे झालं," आजोबा म्हणाले. "आता सोड हा नाद."

"का? नंबर आहे, नाव आहे, पुरावा आहे."

"अगं, गावाचं ओझं वाहायचं नाही म्हणून माझ्या बापाने गाव सोडलं. आणि तू जाऊन त्याच गावात, दगडावर, 'हमाल' कोरणार?" आजोबांचा आवाज चढला. "पिढ्यान्‌पिढ्या तेच म्हणत आलेत ते आपल्याला. आता दगडावर कोरून देतेस?"

संजनाने मला पुन्हा हातात घेतलं.

"आजोबा, आक्काबाईंच्या घरात याला सगळे देव म्हणत होते. देव म्हणून ठेवून घेतलं असतं तरी चाललं असतं. पण त्या म्हणाल्या, देव नाही, माझा माणूस आहे. आता मी त्यांना शिपाई कसं म्हणू? ते बसऱ्याला ओझं वाहता वाहता मेले. ते लपवलं तर उरलं काय त्यांचं?"

आजोबा दिवा मालवून झोपायला गेले. सकाळी मात्र ती स्कूटीची किल्ली शोधत होती, तेव्हा ते काठी घेऊन दारात उभे होते. "रिक्षा सांग. मीपण येतो. गुडघे दुखले तर दुखले."

दहा जानेवारीची मुदत अजून संपली नव्हती. ओट्यावर पाथरवट बुधवंत नावांची यादी तपासत बसला होता. तात्यांनी भिंग लावून माझी कड दोनदा वाचली. मग संजनाकडे पाहिलं. "चुकलं माझं. पुरावा पक्का हाय. बुधवंता, लिही. शिपाई झुंबर बुधा."

"शिपाई नका लिहू, तात्या," संजना म्हणाली. "ग्रुपवर मी चुकीचं लिहिलं होतं. ते हमाल होते. हमाल लिहा."

"येडी का काय! मी मोठेपणा देतोय तुझ्या म्हाताऱ्याला."

"हमालाचं नाव शूरांच्या दगडावर?" ओट्यावरचा तो एक जण पुन्हा बोलला. "उद्या आचाऱ्याचं आणाल."

"आणायलाच पाहिजे," संजना त्याच्यावर उखडली. मग आवाज खाली आणून तिने तात्यांना विचारलं, "तात्या, तुम्ही बर्फात होता ना? वर चौकीवर तुमचं रेशन कोण आणायचं?"

"पोर्टर आणायचे."

"पाठीवर?"

"मग काय ट्रक जातोय तिथं? रॉकेलचे डबे पाठीला बांधून यायचे. एकदा मी आजारी पडलो, तवा मलाच पाठीवर घेऊन उतरला एक जण. दीड दिवस चालला."

"नाव काय त्यांचं?"

तात्यांनी तोंड उघडलं. थांबले. मिशीवरून हात फिरवला. ओट्यावरचे सगळे वाट बघत होते. तात्या डोळे मिटून आठवत होते आणि आठवत नव्हतं, हे मला त्यांच्या तळहाताच्या घामावरून कळत होतं.

"विचारलंच नाय," ते शेवटी म्हणाले.

सोमाआजोबांनी काठी टेकली आणि ते तात्यांच्या शेजारी ओट्यावर बसले. बुधवंताने कानामागची पेन्सिल काढली. "पक्कं सांगा बुवा. दगडावर खोडता येत नाय."

"हमाल," तात्या म्हणाले. "हमाल झुंबर बुधा. आन् बाकीच्यांच्याच मापाची अक्षरं काढ, बारकी काढशील."

सव्वीस जानेवारीला अनावरण झालं. काही जण मुद्दाम आले नाहीत. दगड बाटवला, असं कुणीतरी पारावर बोललंही. संजना ते ऐकून तिकडे निघाली होती, आजोबांनी तिला ओढणीला धरून थांबवलं. मग त्यांनी वाकून, गुडघ्यांची पर्वा न करता, सगळ्यात खालच्या ओळीवरून बोट फिरवलं, सुरुवातीच्या 'हमाल'पासून शेवटपर्यंत.

मी सध्या संजनाच्या टेबलावर असतो. मला कुणी पूजत नाही की माझ्याशी खेळत नाही. फक्त वाचतात. एका बिल्ल्याला याहून जास्त काही नको असतं.

पण मला स्वस्थ बसवत नाही. त्या दगडावर सतरा नावं आहेत, सोळा शिपाई आणि एक हमाल. एका गावातून सोळा जण लढायला गेले आणि त्यांचं ओझं वाहायला एकटा झुंबर गेला, हे तुम्हाला तरी खरं वाटतं का? तात्यांनाही वाटलं नाही. त्यांनी बुधवंताला सांगून शेवटच्या नावाखाली हातभर दगड कोरा ठेवून घेतला आहे. तुमच्या घरातल्या पेट्या उघडा, काशाचं काही निघालं तर फेकू नका, घासू नका, आधी कड वाचा. आणि नाव निघालं तर घेऊन या.