साडूच्या नळाचं पाणी

मळ्यातून ओढ्याला जाणाऱ्या पाण्याचा नमुना दर तीन महिन्यांनी तपासणीला पाठवायचा नियम होता. काका सहा वर्षं ती बाटली शहरातल्या साडूच्या नळाखाली भरत आले. काकू टोकायच्या, तर म्हणायचे, "त्यांना कागद हवाय गं, पाणी नकोय."

यंदा मळ्यातलं खत झिरपत विहिरीत उतरलं आणि डॉक्टरांनी तान्ह्या नातीला ते पाणी बंद केलं. काका टँकर मागायला कचेरीत गेले.

कारकुनाने फाइल उघडली. "काका, अख्ख्या भागात तुमच्याइतकं चोख पाणी कुणाचं नाही. सह्या तुमच्याच ना?"

"माझ्याच."

"मग टँकर कशाला?"

काकांनी तोंड उघडलं, भिंतीवरचा दंडाचा तक्ता वाचला आणि मिटलं. निघताना कारकुनाने पुढच्या नमुन्याची रिकामी बाटली आठवणीने त्यांच्या हातात दिली.