डाव्या बाहीवरची पट्टी

कॉलर.
घामाचा जुना डाग सोडला तर कॉलरवर काही नाही. सुरुवात इथून करते, कारण संग्रहालयातल्या बाईंनीही इथूनच केली. हातमोजे घातले, आजोबांचा फौजी कोट लांब टेबलावर उताणा पसरला आणि कॉलर उलटून पाहिली. टेबलाच्या अलीकडे आम्ही तिघं: आई, मामा, मी.

"ताई, बाबांना गुदगुल्या व्हायच्या ना गं?" मामा म्हणाला.

आई हसली नाही.

कोट इथे का.
इस्पितळाच्या आवारात एक शिळा उभी राहते आहे. युद्धात जखमींना स्ट्रेचरवरून उचलून आणणाऱ्यांची नावं तिच्यावर कोरायची आहेत. घरच्यांनी नाव दिलं की आधी संग्रहालय गणवेश तपासतं. आईने आजोबांच्या नावासाठी जागाही हेरून ठेवली आहे. सगळ्यात खालची ओळ, खुर्चीत बसून हात पोचेल अशी. तिच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन जे सांगितलं, ते तिला न सांगताच कळलेलं आहे. म्हणून घाई.

डावी बाही.
पांढरी सुती पट्टी, मधून लाल रेघ. जखमी उचलणाऱ्यांची खूण. आजोबा ती दंडाला बांधूनच घरी आले आणि युद्धाबद्दल चकार शब्द न काढता, आई शाळेत असतानाच गेले. त्यांनी जे सांगितलं नाही ते मामाने सांगितलं: चिखल कुठवर होता, आजोबांच्या पाठीवर कोण कण्हत होतं, सगळं. मामाचा जन्म युद्धानंतरचा.

आजोबा गेल्यावर पट्टी हरवू नये म्हणून आजीने ती बाहीला शिवून टाकली. तेव्हापासून वर्षातून एकदा कोट उन्हात घालायचा, झटकायचा, पेटीत ठेवायचा. कोटाचा रंग पार उडाला आहे.

"हे रफू कशाचं?" बाईंनी पट्टीवर बोट ठेवलं.

"कसर लागली होती," मामा म्हणाला.

आईला विचारून बाईंनी कडेचे थोडे टाके उसवले. पट्टी उचलून खालच्या बाहीवरून बोट फिरवलं. मग पुन्हा फिरवलं.

उजवी बाही.
काही नाही.

खांदा.
दोन बारीक भोकं, भोवती पितळेची हिरवट छटा. बाई उठून कपाटाशी गेल्या आणि एक बिल्ला घेऊन आल्या. मागे दोन काटे. आईने हात पुढे केला, तेव्हा त्यांनी तो तिच्या हातात दिला. आईनेच लावून पाहिला. काटे अडखळलेसुद्धा नाहीत.

"कोणाचा हा?"

"फौजी पोलिसांचा."

"म्हणजे रहदारी वगैरे," मामा म्हणाला.

"नाही. हे आघाडीच्या मागे उभे असत. जो पळून येईल त्याला परत पुढे धाडायचं. नाही गेला, तर गोळी घालायची."

मामाने खिशातून रुमाल काढला आणि हातातच ठेवला.

पुन्हा डावी बाही.
"आधी पोलीस असतील, मग झाली असेल बदली," मामा म्हणाला. "बदल्या काय, होतातच."

"रफू मी केलंय," आई म्हणाली. "शाळेत होते. आईने पट्टी सुटी माझ्या हातात दिली, रफू झाल्यावर मग तिने शिवली. बाही तेव्हा मी पाहिलीच नव्हती."

"बरं, मग?"

"कसर लोकरीला लागते रे. पट्टी सुती आहे. बाही लोकरीची, आणि तिला भोक नाही."

बाईंनी पट्टी हळूच उलटी केली. रफूच्या भोवती तपकिरी कडा होती, धुऊनही न गेलेली.

"भोक पडलं तेव्हा ही पट्टी दुसऱ्या कोणाच्या दंडावर होती," आई म्हणाली.

बाईंनी मान हलवली. "शेवटी शेवटी शिपाईच फौजी पोलिसांना हुडकून मारत होते. पांढरी पट्टी दिसली की मात्र कोणी अडवत नसे."

"म्हणजे मेलेल्या माणसाची काढून घेतली? की..." मामा थांबला.

"ते कापडावरून कळत नाही."

बाहेरचा बाक.
बाईंनी आम्हाला जरा वेळ दिला. मामा आईच्या पायाशी उकिडवा बसला.

"ताई, बाईंच्या हातापाया पडतो. कोणाला कळणार आहे? मी आहे, तू आहेस, ही पोरगी आहे. आपण गेलो की मिटलं."

"तिथे नावाला हात लावायला जाणार होते मी," आई म्हणाली. "आता कसा लावू?"

"ते आपले बाबा होते गं."

"होतेच. नाही कुठे म्हणतेय."

कात्री.
आईने मागून घेतली. उरलेले टाके स्वतः उसवले, आजीचे टाके, घट्ट आणि बारीक. पट्टी बाईंच्या पुढ्यात सरकवली.

"देणाऱ्याचं नाव काय लिहू?"

"काही नको. आमची नव्हतीच ती."

शिळेवरचं नाव तिने तिथेच मागे घेतलं.

गच्ची.
दुसऱ्या दिवशी आईने कोट उन्हात घालायला सांगितलं. पट्टी होती तिथे ऊन कधी पोचलंच नव्हतं. फिकट बाहीवर तेवढा एक पट्टा काळपट हिरवा राहिला होता, नव्या कापडासारखा. खालून रस्त्यावरूनही दिसला असता.

"हा जायला वर्षं लागतील, ताई," मामा म्हणाला.

आईने खुर्ची पुढे ओढायला लावली, बाही धरली आणि तो पट्टा उन्हाकडे फिरवला. हात सोडला की बाही पुन्हा आत वळत होती. म्हणून ती धरून बसली.